तीन हाका

"मी आता त्या दगडावर बसायची नाही. बहिरीनं ऐकायला बसायचं म्हणजे आंधळ्यानं राखणीला बसायचं," असं वहिनीनं भर बैठकीत सांगून टाकलं आणि वस्तीत सकाळीच वाद पेटला.

म्होरक्या आधी हसला. त्याला वाटलं, पाय मोडून दीड महिना घरात पडलेली बाई, कंटाळून काहीतरी बोलते आहे. पण वहिनी कुबडी टेकत उठली नि चालायला लागली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. पाहुणे आठ दिवसांवर आले होते. कुणी म्हणालं, तिला थोडी विश्रांती द्या. कुणी म्हणालं, वय झालं, कान जायचेच. मध काढणाऱ्याची बायको म्हणाली, कान गेले म्हणता, मग परवा मी माझ्या चुलीशी पुटपुटले ते हिला अंगणातून कसं ऐकू गेलं? त्यावर तिच्या सासूनं विचारलं, तू काय पुटपुटलीस? मग मूळ वाद राहिला बाजूला नि तिसरंच भांडण सुरू झालं.

या गलक्यात एकच माणूस गप्प होता. तो मागे खांबाला टेकून काडीनं जमीन उकरत बसला होता. हा वहिनीचा धाकटा दीर. वस्ती त्याला काटेकरी म्हणायची. वहिनीचे कान ठणठणीत आहेत हे अख्ख्या वस्तीत फक्त त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमकं तेच त्याला सांगता येत नव्हतं.

वस्ती म्हणजे डोंगराच्या कुशीतली चौदा घरं. खालच्या गावाशी गाडीरस्ता संपतो, पुढे अडीच तासांची चढण. बारा वर्षांपूर्वी शहरातल्या एकाला या जंगलाचा पुळका आला. इथं मोठं विश्रामगृह बांधतो, झाडांवर दिव्यांच्या माळा सोडतो, तुम्हाला सगळ्यांना कामाला लावतो, असं तो सांगायला लागला. वस्तीनं तीन दिवस विचार केला नि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पण त्याच्या येण्यानं एक कळलं, की लोकांना इथं यावंसं वाटतं. मग जे करायचं ते आपल्या हातानं नि आपल्या बेतानं करू, असं ठरलं. एका वेळी आठच पाहुणे. राहायचं ते वस्तीतल्याच घरांत. गाणीबजावणी नाही, आणलेला कचरा आपल्याच पिशवीत घालून परत न्यायचा, नि जंगलात शिरायचं ते वस्तीतल्या माणसाच्या मागून, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून. खालच्या गावातली एक ताई शहरातून पाहुणे पाठवायची, पण कुणाला घ्यायचं नि कधी घ्यायचं हे वस्ती ठरवायची. सुरुवातीला पाहुणे विचारायचे, मोठं जनावर नक्की दिसेल ना? म्होरक्या म्हणायचा, त्याला विचारून सांगतो.

फिरायच्या वाटा तीन. एका वाटेनं एक तुकडी जाऊन आली की ती वाट पंधरा दिवस मिटायची. तुडवलेलं गवत उठावं, बुजलेलं जनावर परत यावं, म्हणून. वाट मिटली की तिच्या तोंडाशी काटेरी फांदी आडवी पडायची. त्यानंतर आत कुणी जायचं नाही, वस्तीतल्यांनीसुद्धा नाही. पण काटा टाकायची एक रीत होती, नि ती पाहुण्यांच्या कितीतरी आधीची, आज्या-पणज्यांच्या वेळची. काटा टाकणाऱ्यानं आधी वाटेच्या वरच्या टोकापर्यंत चढून जायचं. तिथून तीन हाका मारायच्या, प्रत्येक हाकेनंतर थांबायचं. सरपणाला नाहीतर कंदांना कुणी आत गेलं असेल तर त्यानं उलट हाक द्यायची नि खाली उतरायचं. सगळ्यांच्या मागून काटेकऱ्यानं उतरायचं, आणि मग काटा. म्हणजे आडवा काटा दिसला की आत माणूस नाही. माणूस एक वेळ आपल्या घराचं दार लावलं की नाही अशी शंका घेईल, काट्याची कुणी घेत नसे.

हे काम आधी थोरल्या भावाकडे होतं. तो गेल्यावर अकरा वर्षं धाकट्याकडे. अकरा वर्षांत त्यानं एकदाही हाक चुकवली नव्हती. तापात गेला, पायात कुरूप झालं होतं तेव्हा लंगडत गेला. बायको म्हणायची, अहो, संसारात एवढे नेमाचे असता तर मी तुमची पूजा केली असती.

आणि वहिनी? ती या घरात आली तेव्हा दीर चार वर्षांचा होता नि सासू नुकतीच गेलेली. कडेवर दीर घेऊनच तिनं संसार सुरू केला. तिला स्वतःला मूल झालं नाही. ती त्याला अजून धाकल्याच म्हणते, त्याचे केस पिकले तरी. तिच्या कानाची कीर्ती दूरवर गेली होती. मधल्या वाटेवर अर्ध्या चढणीला एक सपाट दगड आहे. तिथं ती पाहुण्यांना डोळे मिटून बसवायची नि हळू आवाजात सांगायची, हा टोला सुतारपक्ष्याचा, झाड आतून पोकळ आहे, पोकळी ऐका. हा पारवा घुमतोय तो एकटा आहे. आता सगळे गप्प झाले ना, डावीकडून काहीतरी चालत येतंय, हलू नका. अर्ध्या तासानं पाहुणे डोळे उघडायचे तेव्हा निम्म्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. त्यात जंगलाचं काही बिघडत नव्हतं. कुणाला हुसकावायचं नव्हतं, कुणाच्या मागे धावायचं नव्हतं. या आजींसाठी लोक दोन दोन वर्षं थांबून यायचे.

तर दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. मधली वाट मिटायचा दिवस होता. काटेकऱ्यानं सकाळी फांदी तोडून ठेवली होती. तेवढ्यात खालून ताईचा निरोप आला, की नव्या तुकडीबरोबर एक कॅमेरावाला येतोय, तो वस्तीवर मोठी चित्रफीत करणार आहे, काटेकऱ्यानं स्वच्छ सदरा घालून वेशीवर उभं राहावं. टोकापर्यंत जायला तास, यायला तास. पाहुणे तर खालच्या वळणावर दिसायला लागले होते.

त्यानं वर बघितलं. आज कोण असणार आत? फार तर वहिनी, आणि ती असली तरी भर दुपार आहे, येईल उतरून. त्यानं फांदी वाटेत टाकली, घरी गेला, ठेवणीतला सदरा घातला नि वेशीवर जाऊन उभा राहिला. कॅमेरावाल्यानं त्याला तीनदा दगडावर चढवलं, तीनदा उतरवलं, कोयता खांद्यावर घे म्हणाला, लांब बघ म्हणाला. काटेकरी लांब बघत राहिला. खरं सांगायचं तर त्याला मजा वाटत होती.

वहिनी तेव्हा टोकाच्या रानात होती. वाट मिटायच्या दिवशी ती नेहमीच शेवटचं सरपण आणायला वर जायची आणि दिराच्या हाकेवर खाली यायची. तेच तिचं घड्याळ. त्या दिवशी हाक आली नाही. येईल, म्हणून ती आणखी काटक्या वेचत राहिली. उन्हं उतरली तेव्हा तिला काळजी वाटली, धाकल्याला काही झालं की काय, नि ती मोळी टाकून घाईनं उतरायला लागली. ओढ्याजवळच्या ओल्या दगडावरून तिचा पाय सटकला. हाड मोडल्याचा आवाज आपल्याला आधी ऐकू आला नि कळ नंतर आली, असं ती पुढे सांगायची.

संध्याकाळी वहिनी घरात नाही म्हटल्यावर शोधाशोध सुरू झाली. मधल्या वाटेशी सगळे थबकले. काटा आडवा होता. म्होरक्यानं काटेकऱ्याकडे वळून नुसतं रीतीपुरतं विचारलं, "हाक मारली होतीस ना?"

"मारली तर," काटेकरी म्हणाला.

कसं म्हणाला ते त्याचं त्याला कळलं नाही. अंगात अजून तो ठेवणीतला सदरा होता. शब्द तोंडातून गेला नि माणसं उरलेल्या दोन वाटांकडे पळाली. तोही पळाला, त्यांच्याबरोबर, चुकीच्या बाजूला. पळताना तो स्वतःलाच समजावत होता, वहिनी डोंगरापलीकडे बहिणीकडे गेली असेल, उद्या हसत येईल. काटा ओलांडून बघावं असं शंभरदा मनात आलं. पण ओलांडला असता तर लोकांनी विचारलं असतं, का ओलांडलास? एवढ्या एका प्रश्नाला भिऊन त्यानं आपल्या वहिनीला, जिनं त्याला कडेवर वाढवलं तिला, रात्रभर तिथं पडू दिलं. नेहमी सगळे म्हणतात तो साधा माणूस आहे. साध्या माणसाला भीती वाटली की तो काय करेल याचा नेम नसतो.

उजाडलं तसा तो कुणाला न सांगता मधल्या वाटेनं धावला नि ओढ्याशी ती सापडली. ओठ काळेनिळे पडलेले, पाय वाकडा. त्याला बघून ती पहिलं काय म्हणाली असेल?

"तू बरा आहेस ना रे? हाक मारलीच नाहीस काल."

इथं तरी सांगायचं. तिथं दुसरं कुणी नव्हतं, ओढा होता नि ती होती. पण त्याच्या जिभेला कालच्या खोट्याची सवय झाली होती.

"मारली होती, वहिनी. तीन हाका मारल्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं उजवा हात उचलून आपल्या कानाला लावला, नवखी वस्तू चाचपावी तसा. "मला नाही आली ऐकू," ती म्हणाली.

त्यानं तिला पाठीवर घेतलं नि खाली आणलं. वस्तीनं त्याला डोक्यावर घेतलं. काटा असूनही ह्याचं मन राहिलं नाही बघा, माया म्हणतात ती अशी, असं म्होरक्या चारचौघांत म्हणाला. कॅमेरावाल्यानं तेही टिपून घेतलं. काटेकऱ्याला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमिनीला दुसरी कामं असतात.

खालच्या दवाखान्यात पाय बांधला. वहिनीनं डॉक्टरला पाय सोडून कानच दाखवले. त्यानं कानाशी चुटकी वाजवली, घड्याळ धरलं, म्हणाला आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. वहिनीनं घरी येऊन सांगितलं, "त्याला काय कळतंय. इथं कानाशी चुटकी वाजवतो. धाकल्यानं डोंगरावरून तीन हाका मारल्या, त्या मला आल्या नाहीत. रान शांत होतं, वारा नव्हता, नि एक नाही, तीन हाका." ती बोटं मोजून दाखवायची, नि तिसऱ्या बोटाला काटेकरी उठून बाहेर जायचा.

मग त्यानं आडमार्ग धरला. म्हणजे खरं न सांगता तिला खऱ्यावर आणायचे उद्योग. मुद्दाम परसात जाऊन काटकी मोडायचा नि येऊन विचारायचा, काही ऐकलंस का? ती म्हणायची, काटकी मोडली, वाळकी होती. तो म्हणायचा, बघ, कान चांगले आहेत की! ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. "माझ्या समाधानासाठी किती करतोस रे. पण जवळचं येतं, लांबचं गेलं. दगडावर लांबचंच लागतं." बायको हे सगळं बघत होती. एक दिवस भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, "अहो, तुमच्या घशाखाली हल्ली काही उतरत नाही. काय अडकलंय?" तो पाणी पिऊन उठला.

आणि म्हणून ती बैठक. वहिनी निघून गेल्यावर दगडावर कोण बसणार हा प्रश्न उभा राहिला. ताईही आली होती. ती भली बाई होती, पण तिला शहरातल्यांना उत्तरं द्यावी लागायची. ती म्हणाली, आजी नसतील तर लोक नाराज होतील, निदान पक्षी तरी जवळून दिसायला हवेत. हल्ली बाकीच्या ठिकाणी फोनमध्ये पक्ष्याचा आवाज भरून ठेवतात नि लावतात, पक्षी धावत येतो. म्होरक्यानं मान हलवली. अंड्यांचे दिवस आहेत, तो म्हणाला, घरट्यावरच्याला उठवायचं नाही. मग शेवटी काटेकऱ्याच्या लेकीचं नाव निघालं. वीस वर्षांची पोर, मोठ्या आईच्या, म्हणजे वहिनीच्या, मागे मागे फिरून बरंच शिकलेली. म्होरक्यानं काटेकऱ्याला विचारलं, तुझी हरकत आहे का? त्यानं मान हलवून नाही म्हटलं. ज्या तोंडानं एकदा 'मारली तर' म्हटलं होतं, त्या तोंडाला आता दुसरं काय सुचणार.

पोरीला आठ दिवस झोप नव्हती. मला हळद्या पक्ष्याचा नि त्याच्या मादीचा आवाज वेगळा ओळखता येत नाही, असं ती आईला सांगायची. आई म्हणायची, मोठ्या आईला विचार. मोठी आई म्हणायची, मला कशाला विचारतेस, मी बहिरी.

पाहुणे आले. त्यांच्या सामानाची राखण करायला काटेकरी अंगणात थांबला, आणि वहिनी बाजेवर पाय लांब करून पाला निवडत बसली. बायको चुलीपाशी होती. तुकडी मधल्या वाटेनं वर गेली. तास गेला. ऊन चांगलंच तापलं होतं, मातीतून वाफ आल्यासारखी वाटत होती. एकदम वहिनीचा हात थांबला.

"हळद्या," ती म्हणाली.

काटेकऱ्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं कान टवकारले तेव्हा लांबून, अगदी पुसटशी शीळ आली. दगडाच्या बाजूनंच.

वहिनी मान तिरकी करून ऐकत होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा कसला हळद्या? एकसारखा ओरडतोय. पहिली शीळ, दुसरी शीळ, तिसरी, सगळ्या एकाच मापाच्या. जिता पक्षी दोनदा सारखा ओरडत नाही, धाकल्या, त्याला दम लागतो, तो मान फिरवतो." तिनं दुसरा कान तिकडे केला. "आणि आता दुसरा आला. हा खरा आहे. हा चिडलाय. घरटं सोडून आलाय हा, मादी मागे ओरडतेय."

मग तिनं पाल्याची टोपली बाजूला सारली नि दोन्ही हात कानांवर दाबून धरले.

"बघ," ती म्हणाली, "आता भासही व्हायला लागले. नसलेले पक्षी ऐकू येतात मला. परवा तुझे दादा हाक मारतायत असं वाटलं. धाकल्या, बहिरेपणाचं काही नाही रे, पण वेड लागायच्या आत मरण आलेलं बरं."

काटेकरी उठला. त्याला काय झालं ते त्यालाच कळेना. त्यानं वाकून तिचे दोन्ही हात कानांवरून काढले नि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"भास नाही. पोरीनं फोनमधला हळद्या लावलाय. घाबरून लावला असणार. तू ऐकलंस ते सगळं खरं आहे."

"तुला काय ठाऊक?"

"कारण तुझे कान कधी गेलेच नाहीत. त्या दिवशी मी वर आलोच नाही, वहिनी. एकही हाक मारली नाही. पाहुणे आले होते, फोटो काढत होते, मी खालूनच काटा टाकला."

चुलीपाशी बायकोच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ती हसली, अगदी लहान मुलीसारखी, दोन्ही कानांना हात लावून हसली. "म्हणजे मी बहिरी नाही? अगं बाई. म्हणजे मी बहिरी नाहीच." ती हसता हसता रडायला लागली, नि काटेकऱ्याला वाटलं, सुटलो, तिनं क्षमा केली. त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं.

तिनं ते डोकं ढकललं.

"पायाला हात लावू नकोस. पाय दगडानं मोडला, त्याचा मला राग नाही. माझे कान तू मोडलेस. दीड महिना. मी अंथरुणात पडून रोज पहाटे पाखरं ऐकायची, नि स्वतःला सांगायची, ही खोटी आहेत. कारण धाकल्या खोटं बोलणार नाही. माझ्या कानांपेक्षा तुझ्या शब्दावर माझा जास्त भरवसा होता, मूर्खा."

तिनं पाल्याची टोपली पुढे ओढली. तो बसून राहिला. ऊन अंगणभर सरकत त्याच्या पाठीवर आलं, तरी हलला नाही. आपण बोलल्यावर ओझं उतरेल अशी त्याची समजूत होती. कुणी पसरवलेली असते ही समजूत, देव जाणे.

दुपारी तुकडी उतरली. पाहुणे खूश होते. हळद्या अगदी डोक्यावर आला होता, त्यांनी हातभर अंतरावरून बघितला, टाळ्या वाजवल्या. पोर मात्र पांढरीफटक पडली होती. ती थेट मोठ्या आईपाशी आली, फोन तिच्या मांडीवर ठेवला नि म्हणाली, मला काही ऐकू येत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते, मी एकदाच लावला. मग तो घरट्याकडे परतच जाईना. वहिनीनं तिला जवळ घेतलं. "तू सांगितलंस तरी लगेच," ती म्हणाली, आणि काटेकऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाहुणे गेल्यावर वहिनीच्या अंगणातच बैठक बसली. काटेकऱ्यानं उभं राहून सगळं सांगितलं, सदऱ्यापासून शेवटपर्यंत. दुसऱ्या वाटेला पळालेली माणसं समोर बसली होती. त्यांच्यातल्या एकाचा त्या संध्याकाळी शोधताना गुडघा फुटला होता. तो नुसता गुडघा चोळत राहिला, नि काटेकऱ्याला वाटलं, ह्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्होरक्यानं हात पुढे केला नि म्हणाला, कोयता दे. काटा आता दुसरं कुणी टाकेल.

"कोयता त्याच्याकडेच राहू द्या," वहिनी म्हणाली. ती बाजेवरून उठली नव्हती.

"बाई, तुझी माया समजते, पण..."

"माया नाही. नवा माणूस ठेवाल तर त्याला शिकायला आणखी एक म्हातारी मोडावी लागेल. हा एक मोडून बसलाय."

दोघंतिघं हसले, मग हसल्याची लाज वाटून गप्प झाले. वहिनी पुढे बोलली. दगडावर मी बसेन. पण पाय काही आता चढण चढायचा नाही, डॉक्टरनं सांगितलंय. तेव्हा दर तुकडीला मला धाकल्यानं पाठीवरून वर न्यायचं नि खाली आणायचं. जोवर मला ऐकू येतंय तोवर. आणि फोन वेशीवर टोपलीत. बैठकीनं मान डोलावली. हळद्या तिसऱ्या दिवशी घरट्यावर परत आला, पण दोनातलं एक अंडं गार पडलं होतं. पोरीनं ते सगळ्यांना सांगितलं, नि त्यानंतर ती रोज मोठ्या आईच्या पायाशी बसून ऐकायला शिकते.

तेव्हापासून दर तुकडीपुढे काटेकरी चालतो, पाठीवर वहिनी. ती तशी हलकी आहे, पण चढण अर्ध्या तासाची आहे नि त्याचंही वय झालं. मागून येणाऱ्या पाहुण्यांना हे दृश्य फार भावतं. थांबवून थांबवून ते त्याचं कौतुक करतात. हल्ली सख्खी मुलं आईला विचारत नाहीत, तुम्ही भावजयीला पाठीवर वाहता. परवाच्या तुकडीत एक बाई तर रडायलाच लागल्या. त्या म्हणाल्या, ही तुमच्या लोकांची रीत आहे का हो? किती सुंदर रीत आहे.

काटेकऱ्याला राहवलं नाही. तो थांबला, मागे वळला नि म्हणाला, "बाई, रीत नाही. ऐका, मी सांगतो तुम्हाला, ह्यांचा पाय..."

पाठीवरून वहिनीनं त्याचा कान धरला, तो पाच वर्षांचा असताना धरायची तसा, नि जोरात पिळला.

"सांगू नकोस," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "सांगितलंस की हलका होशील. चाल, अजून चढ आहे."

त्यानं तिला पाठीवर नीट वर सरकवलं नि तो चालायला लागला. मागे त्या बाई दुसऱ्या पाहुण्याला सांगत होत्या, बघितलंत, कान धरून लाड करतात अजून.